बदकांपासून भाजीचे वाफे राखण्यासाठी कुंपण कसे घालावे

कोंबड्यांसाठी कुंपण घालण्याची सवय असलेली माणसे बदकांसाठीही उंच जाळी आणतात आणि तळाकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक येथे हिशेब उलटा आहे. खाकी कॅम्पबेल, इंडियन रनर किंवा पांढरी पेकिन ही पाळीव बदके सहसा कुंपणावरून उडून जात नाहीत. ती कुंपणाच्या कडेकडेने चालत फट शोधतात, चोच घालून ती रुंदावतात आणि एक आत शिरले की बाकीची रांगेने त्याच्या मागे जातात. म्हणून अडीच फूट उंची पुरते, पण जमिनीलगतचा अर्धा फूट मात्र पक्का असावा लागतो.

बदक कोंबडीसारखे पायाने उकरत नाही. ते ओल्या मातीत चोच खुपसून किडे आणि गांडुळे शोधते, त्यामुळे नुकतेच पाणी दिलेल्या वाफ्यात जागोजागी भोके पडतात आणि मेथी-कोथिंबिरीची कोवळी रोपे त्याच्या रुंद पायांखाली चिरडली जातात. पालक, माठ आणि मुळ्याचा पाला ते आवडीने खाते. वांगी, मिरची, भेंडी यांची झाडे गुडघाभर वाढली की त्यांना फारसा धोका उरत नाही. साहजिकच सगळ्या परसाला कुंपण घालण्याची गरज नसते. पालेभाज्या आणि रोपे यांचे वाफे एकत्र आणून तेवढेच बंदिस्त केले, तर खर्च बराच कमी होतो.

उदाहरणार्थ, 5 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद जागेचा घेर 18 मीटर भरतो. दर दीड मीटरवर एक याप्रमाणे 12 खांब आणि फाटकासाठी एक जास्तीचा खांब लागेल. कोकणात माणगा किंवा मेस बांबू सहज मिळतो, परंतु जमिनीत जाणारा भाग डांबर लावल्याशिवाय पुरू नये, कारण पावसाळ्यात तो तेथूनच कुजतो. पावसाच्या तोंडावर काम करायचे असेल, तर गिरिपुष्पाच्या जाड फांद्या रोवाव्यात. त्या रुजतात, कुजण्याचा प्रश्न राहत नाही आणि छाटलेला पाला वाफ्यांना हिरवळीचे खत म्हणून उपयोगी पडतो.

जाळी 90 सेंटिमीटर रुंदीची, जस्ताचा मुलामा असलेली आणि एक इंच किंवा त्याहून लहान छिद्रांची घ्यावी. मोठ्या छिद्रांतून पिल्ले सरळ आत जातात, आणि मोठी बदके पाल्यासाठी त्यातून मान घालतात व अडकतात. स्वस्त पडते म्हणून मासेमारीचे जुने नायलॉनचे जाळे बांधण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण ती टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात बदकांचे पाय गुंततात आणि उंदरांच्या मागावर आलेली धामणही अडकून मरते.

जाळीचा खालचा 15 सेंटिमीटर भाग बाहेरच्या बाजूला, म्हणजे बदकांच्या दिशेने, काटकोनात वळवून जमिनीवर पसरावा. त्यावर चिऱ्याचे तुकडे ठेवावेत किंवा हातभर अंतरावर बांबूच्या खुंट्या ठोकाव्यात. बदक कडेला आले की ते स्वतःच त्या जाळीवर उभे राहते आणि तिला उचलू शकत नाही. वर 75 सेंटिमीटर उंची उरते, ती पुरेशी आहे. पावसाचे पाणी ज्या वाटेने वाहते, तेथील माती पहिल्या मोठ्या सरीतच धुपून जाळीखाली खळगा पडतो. त्या जागी आधीच दगड बसवून पाण्याला वाट ठेवावी आणि पावसाळाभर ती अधूनमधून तपासावी.

एवढ्या उंचीचे कुंपण माणसाला ओलांडता येते, हे खरे. पण पाण्याची कळशी हातात घेऊन कोणी ते ओलांडू नये, म्हणून फाटक करावेच. फाटकाखाली एक आडवी फळी जमिनीत बसवावी, कारण बहुतेक घुसखोरी तेथूनच होते.

मस्कोव्ही बदकांना मात्र हे कुंपण अडवू शकत नाही. विशेषतः त्यांच्या माद्या चांगल्या उडतात. त्यांच्या एकाच पंखाची उड्डाणाची लांब पिसे कापली की तोल जाऊन उडणे थांबते; नवी पिसे आल्यावर हे पुन्हा करावे लागते. वाढत असलेल्या पिसाच्या देठात रक्त असते, तेव्हा ते कापू नये.

हे कुंपण बदकांना वाफ्यांबाहेर ठेवण्यापुरतेच आहे. मुंगूस किंवा भटकी कुत्री यांच्यापासून बदकांना वाचवण्यासाठी रात्री बंद खुराडाच हवा. पाण्याचे घमेलेही वाफ्यांपासून दूर ठेवावे, म्हणजे ओलीच्या ओढीने बदके कुंपणाशी रेंगाळणार नाहीत. घमेल्यातील घाण पाणी केळी-माडांच्या आळ्यात ओतावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर ते कधीही टाकू नये.

गोगलगायींच्या दिवसांत बदकांना आत सोडण्याचा मोह होतो आणि तो रास्तही आहे, कारण लहान गोगलगायी ती झपाट्याने फस्त करतात. त्यासाठी पेरणीपूर्वी रिकाम्या वाफ्यांत त्यांना मोकळे सोडावे. पीक उभे असताना सोडायचेच असेल, तर रोपांचे वाफे आडव्या जाळीने झाकून, स्वतः तेथे उभे राहून अर्धा तासच सोडावे. गोगलगायी संपल्या की ती माठाच्या भाजीकडे वळतात.