घरातील पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करण्यापूर्वी
नळ मुळातून निखळून न्हाणीघरभर पाणी उडू लागले, की हाताला लागेल तो व्हॉल्व्ह जीव खाऊन पिळला जातो आणि वर्षानुवर्षे न फिरलेला जुना व्हॉल्व्ह नेमका तेव्हाच दगा देतो. म्हणून घरातील व्हॉल्व्हची ओळख एखाद्या निवांत दिवशीच करून घ्यावी.

सदनिकांमध्ये पाणी बहुधा गच्चीवरील टाकीतून उतरते. ते अडवण्याच्या जागा साधारणपणे तीन असतात: बेसिनखालील अँगल कॉक, न्हाणीघराच्या भिंतीतील कन्सील्ड कॉक आणि गच्चीवर टाकीजवळ असलेला मुख्य व्हॉल्व्ह. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या पाइपलाइन अनेकदा वेगळ्या असल्यामुळे एकेक व्हॉल्व्ह बंद करून सर्व नळ उघडून पाहावेत आणि कोणता नळ थांबला ते शेजारीच रंगाने लिहून ठेवावे. गच्चीवरील पाइपांच्या जंजाळात हे न लिहिल्यास शेजाऱ्यांचेच पाणी बंद होते, आणि मग जिन्यात जे ऐकावे लागते ते वेगळेच.

दांडीचा बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो. दांडी पाइपच्या दिशेत असेल तर तो उघडा, पाइपला आडवी असेल तर बंद. तो झटक्याने बंद केल्यास वाहते पाणी एकदम अडून पाइपला हादरा बसतो, म्हणून दांडी सावकाश फिरवावी. चाकीचा गेट व्हॉल्व्ह मात्र घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अनेक फेरे फिरवून बंद करावा लागतो. तो अर्धवट उघडा ठेवून पाण्याचा जोर कमी करण्याची सवय वाईट आहे, कारण वाहत्या पाण्याने आतील पाते थरथरून झिजते आणि पुढे व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. पूर्ण उघडल्यावर चाकी किंचित मागे फिरवून ठेवावी, म्हणजे ती उघड्या स्थितीत जाम होत नाही.

जाम झालेल्या व्हॉल्व्हवर मोठा पान्हा लावून जोर करू नये. एका हाताने पाइप धरून चाकी थोडी पुढे, थोडी मागे अशी हलवत पाहावी. तरीही न फिरल्यास तिला तशीच सोडून गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि प्लंबरला बोलवावे. प्लास्टिकच्या पाइपवर हे विशेष पाळावे, कारण व्हॉल्व्हऐवजी भिंतीतील सांधाच तुटण्याची भीती असते. चाकीच्या दांड्यापाशी थेंब गळत असतील, तर तेथील नट अगदी थोडा आवळल्याने बहुधा काम भागते.

साठवण गीझर असलेल्या घरात पाणी बंद करण्यापूर्वी गीझरचे बटण बंद करावे. काम झाल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडून गरम पाण्याचा नळ मोकळा सोडावा. आधी हवा फुसफुसत बाहेर पडते, मग अखंड धार लागते. ती धार दिसल्याशिवाय गीझर सुरू करू नये, कारण टाकी रिकामी असल्यास कॉइल जळते.