सौदीला चाललाय? बॅग भरायच्या आधी हे वाचा

आपल्या विटा-आटपाडी-तासगावकडची पोरं कामाला सौदीला जातात आणि तिथं शरियतचा कायदा म्हटल्यावर घरचे घाबरतात, पण नियम आधी माहीत असले की रोजचं जगणं अवघड जात नाही. मी जुबैलला चार वर्षं काढली, त्यावरून सांगतो.

पहिली गोष्ट खसखस. आई कांदा-लसूण मसाल्याचा डबा देणारच आणि त्यात खसखस असते, ती अफूचं बी म्हणून तिथं बंद आहे, विमानतळावर सापडली तर लय मोठी भानगड होते. त्यामुळे मसाला डंकावर न्यायच्या आधीच सांगा की माझ्या वाटणीचा बिनखसखशीचा करा. आमच्या आईनं मिरजेत तसाच वेगळा कुटून आणलेला, चवीत मला तरी काही कमी वाटलं नाही. दिवाळीत कुणी अनारसे पाठवत असेल तर त्यालापण नको म्हणा, एका बाजूला सगळी खसखसच असते. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या असलं काही तिथली परवानगी काढल्याशिवाय नेऊ नका. दारूवर १९५२ पासून बंदी आहे, लपूनछपून कुणी देत असलं तरी हात लावू नका.

सुट्टी शुक्रवार-शनिवार. नमाजच्या वेळी आधी सगळी दुकानं बंद व्हायची, २०२१ पासून उघडी ठेवायला मुभा आहे तरी बरेच दुकानदार शटर ओढतात, म्हणून वेळा बघूनच बाजाराला निघा, शुक्रवारी तर दुपारनंतरच.

रमजानमध्ये उजेडी बाहेर खायचं नाही, पाणी नाही, सिगारेट नाही, रूमवर दार लावून जेवा. दरवर्षी तो साधारण ११ दिवस अलीकडे येतो, त्यामुळे कधी भर उन्हाळ्यात पडतो आणि आपल्याबरोबर काम करणारा माणूस घोटभर पाण्याशिवाय दिवस काढत असतो, त्याच्यासमोर बाटली उघडायची नाही हे कायद्याच्याही आधी माणुसकीचं आहे. संध्याकाळी मशिदीबाहेर इफ्तारला बसवतात, खजूर, ताक, भात, मला कुणी कधी जात-धर्म विचारला नाही, सरकून जागा दिली.

ड्रायव्हरकीला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, मक्केत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही, हायवेवर तसे बोर्ड आहेत, तिथून बाहेरचा रस्ता धरायचा.

इकामा, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याचं कार्ड, कायम खिशात पाहिजे. पासपोर्ट मालकानं ठेवून घेणं तिथल्याच नियमात बसत नाही, तो स्वतःजवळ ठेवा. आणि एजंटला पैसे द्यायच्या आधी त्याचं नाव ई-मायग्रेट या भारत सरकारच्या वेबसाइटवर आहे का ते बघा, नसेल तर उठून घरी या.