काउंटर टाकायची वेळ: मॅजिकच्या टेबलावर स्पेल अडवताना

समोरच्याने सहा मॅना (कार्ड टाकायचा खर्च) भरून मोठा क्रीचर (लढणारं कार्ड) ठेवला, 'टेबलावर आल्यावर दोन कार्डं काढ' हे वाचून झालं, दोन कार्डं हातातही गेली, आणि मग आपल्याला आठवतं: "थांब ना बे, माझ्याकडे काउंटर आहे!" आता त्याचा काही उपयोग नाही. मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात काउंटर म्हणजे स्पेल (टाकलेलं कार्ड) रद्द करणारं कार्ड. तो फक्त स्टॅकवर, म्हणजे टाकून झालेल्या पण अजून अमलात न आलेल्या गोष्टींच्या ढिगात, असलेल्या स्पेलला लागतो. तो क्रीचर टेबलावर आला त्या क्षणी स्पेल राहिलाच नाही. नव्या खेळाडूंचे काउंटर वाया जातात ते बहुतेक अशाच उशिरामुळे, किंवा घाई करून नको त्या स्पेलवर टाकल्यामुळे.

स्टॅक म्हणजे डब्यातली पोळ्यांची चळत. शेवटी ठेवलेली पोळी आधी उचलायची. त्याने स्पेल टाकला, तो खाली. तुम्ही काउंटर टाकला, तो त्याच्यावर. त्याने तुमच्या काउंटरवर काउंटर टाकला, तो सगळ्यात वर. सोडवायचं वरून खाली, एका वेळी एकच. ही पद्धत 1999 च्या सहाव्या एडिशनपासूनची आहे. त्याआधी काउंटरस्पेल या कार्डावर 'इंटरप्ट' हा प्रकार छापलेला असायचा. असं जुनं कार्ड हाती लागलं तर ते आज इन्स्टंट (समोरच्याच्या टर्नमध्येही टाकता येणारं कार्ड) म्हणूनच खेळायचं.

आता प्रायॉरिटी, म्हणजे काही टाकायचा हक्क. स्पेल टाकणाऱ्यालाच ती आधी मिळते. त्याने सोडली की तुमच्याकडे येते. मध्ये कोणी काही न टाकता सगळ्यांनी ओळीने सोडली, तर स्टॅकवरची फक्त वरची गोष्ट रिझॉल्व्ह होते, म्हणजे अमलात येते. मग ज्याची टर्न चालू आहे त्याच्यापासून प्रायॉरिटी पुन्हा फिरते. पूर्ण स्टॅक एका दमात रिकामा होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पुढची बरीच गणितं यावरच आहेत.

स्पेल टाकला जात असताना मात्र मध्ये कोणालाच बोलता येत नाही. स्पेल जाहीर करणं, टार्गेट आणि एक्सची (खेळाडूने स्वतः निवडायच्या आकड्याची) किंमत ठरवणं, लँड (मॅना देणारं कार्ड) टॅप करणं म्हणजे वापरलं म्हणून आडवं करणं, खर्च भरणं, हे सगळं एकसंध होतं. खर्च म्हणून त्याने स्वतःचा क्रीचर सॅक्रिफाइस केला, तर "आधी मी तो क्रीचर मारतो" असं म्हणता येत नाही. खर्च भरून झाला की तुमची वेळ सुरू. आणि काउंटर बसला तरी भरलेला खर्च त्याला परत मिळत नाही, ना मॅना, ना क्रीचर.

काय अडवता येत नाही, ते पाठच हवं. लँड खेळणं हा स्पेल नाही. टेबलावरच्या कार्डाची अॅबिलिटी (त्यावर लिहिलेली करामत) हाही स्पेल नाही. ती अडवायला स्टायफल किंवा डिसअलाऊसारखं कार्ड लागतं. 'हा स्पेल टाकल्यावर' म्हणून जे ट्रिगर होतं, म्हणजे आपोआप सुरू होतं, ते स्पेलच्या वर स्टॅकवर बसतं आणि स्पेल अडवला तरी घडतं. कॅस्केड (स्पेल टाकल्यावर डेकमधून आणखी एक स्वस्त स्पेल फुकट देणारी अॅबिलिटी) याच जातीचं. 'टेबलावर आल्यावर'वालं मात्र घडत नाही, कारण कार्ड टेबलावर येतच नाही. स्टॉर्म (स्पेलच्या प्रती बनवणारी अॅबिलिटी) मात्र कॅस्केडसारखंच: मूळ स्पेल अडवला तरी प्रती राहतात. स्प्लिट सेकंड लिहिलेला स्पेल स्टॅकवर असेपर्यंत कोणालाही दुसरा स्पेल टाकता येत नाही, म्हणजे काउंटरही नाही.

'काउंटर करता येत नाही' असं लिहिलेल्या स्पेलवर काउंटर टाकता येतो, पण तो स्पेल अडत नाही. काउंटरचा बाकीचा भाग मात्र चालतो. रिमांड (स्पेल अडवून वर एक कार्ड काढू देणारा काउंटर) टाकलात तर तुमचं एक कार्ड येतं. उलट, तुमचा रिमांड रिझॉल्व्ह होण्याआधीच तो स्पेल स्टॅकवरून गेला, तर टार्गेट उरलं नाही म्हणून रिमांड नुसता ग्रेव्हयार्डात (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) जातो आणि कार्डही मिळत नाही.

मॅना कसा ठेवायचा, यावर जरा वेळ घालवा. काउंटरस्पेलला दोन निळे मॅना लागतात, आणि निळा मॅना आयलंड या लँडमधून येतो. स्वतःच्या टर्नमध्ये काही टाकताना आधी प्लेन्स, स्वॅम्प या दुसऱ्या रंगांच्या लँड टॅप करायच्या आणि आयलंड उभे (टॅप न केलेले) ठेवायचे. हात सवयीने जवळच्या लँडकडे जातो, आणि मग समोरच्याच्या टर्नला एक आयलंड व दोन प्लेन्स उरतात. एक निळा आणि कुठलाही एक मॅना असला की निगेट जमतो, एसेन्स स्कॅटर जमतो, काउंटरस्पेल नाही. निगेट क्रीचरवर चालत नाही आणि एसेन्स स्कॅटर फक्त क्रीचरवर चालतो, त्यामुळे डेकमध्ये दोन्ही असतील तर हातात कोणता आहे हे लँड टॅप करण्याआधी बघा.

मॅना लीक दोन मॅनाचा, पण समोरच्याने तीन भरले तर स्पेल सुटतो. हे तीन तो मॅना लीक रिझॉल्व्ह होताना भरतो, त्यामुळे त्याच्या उभ्या लँड मोजूनच टाका. दोन उभ्या असतील तर बसला. तीन असतील तर तुम्ही फक्त त्याचे तीन मॅना खर्च करवले. कधी कधी तेवढंही पुरतं, कारण त्या टर्नमध्ये तो दुसरं काही टाकू शकत नाही. आठव्या-नवव्या टर्नला हे कार्ड फार कमकुवत होतं. आमच्या मते ते हातात जपून ठेवू नये, लवकर वापरून मोकळं व्हावं.

स्पेल स्नेअर दोन मॅना व्हॅल्यूच्या स्पेलला लागतो. इथे छापील किंमत बघायची, भरलेली नाही. फोर्स ऑफ विल एक लाइफ देऊन आणि हातातलं एक निळं कार्ड एक्झाइल (खेळातून बाहेर) करून फुकटात टाकला तरी त्याची व्हॅल्यू पाचच. एक्स असेल तर स्टॅकवर ठरलेली किंमत धरायची. चॅलिस ऑफ द व्हॉइडच्या किमतीत दोन एक्स आहेत, म्हणून एक्स एक ठेवून टाकला तर व्हॅल्यू दोन, आणि स्नेअर लागतो.

कोणता स्पेल अडवायचा, हे ठरवायला स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा टेबलावर आला तर माझ्याकडे दुसरा उपाय आहे का? हातात क्रीचर मारायचं कार्ड असेल तर क्रीचर येऊ द्या. अख्खं टेबल साफ करणाऱ्या स्पेलवर नंतर उपाय नसतो, काउंटर त्याच्यासाठी ठेवा. अनुभवी खेळाडू आधी मध्यम स्पेल पुढे करून तुमचा काउंटर काढवतो आणि मग खरा टाकतो. त्याच्या उभ्या लँड बघा: चार मॅना बाकी ठेवून त्याने दोनचा स्पेल टाकला, तर पुढे काहीतरी आहे असं धरा.

हीच चाल तुम्हीही करू शकता. कार्ड काढायचा इन्स्टंट समोरच्याच्या एंड स्टेपला (टर्नच्या शेवटी) टाका. तोवर तुमचा मॅना काउंटरसाठी उभा असतो. शिवाय त्याने तो इन्स्टंट अडवला तर त्याच्या लँड टॅप होतात आणि तुमच्या पूर्ण टर्नमध्ये टॅपच राहतात, कारण त्या अनटॅप होतात त्याच्याच टर्नच्या सुरुवातीला. मग तुमचा मोठा स्पेल मोकळा.

काउंटरवर काउंटर सुरू झाला की घाई करू नका. तुमच्या काउंटरवर त्याने काउंटर टाकला, तर दोन रस्ते आहेत: त्याचा काउंटर अडवा, किंवा तो रिझॉल्व्ह होऊ द्या. मूळ स्पेल अजून खाली पडलेला असतो, प्रायॉरिटी पुन्हा येते, तेव्हा दुसरा काउंटर थेट त्यावर टाका. त्याने डोव्हिन्स व्हेटो वापरला असेल तर पहिला रस्ता बंदच, कारण तो अडवता येत नाही.

टेबलावर बोलणं स्पष्ट हवं. "चालेल", "हो", "ठीक" म्हणालात की प्रायॉरिटी सोडली. विचार करायचा असेल तर "थांब, बघतो" असं म्हणा. समोरचा न थांबता पुढे गेला तर लगेच सांगा की मी सोडली नव्हती, आणि स्पर्धा असेल तर जजला बोलवा, आपसात भांडू नका. स्वतःच्याच स्पेलवर स्वतः काही टाकायचं असेल तर प्रायॉरिटी धरून ठेवतोय हे आधी बोलायचं. न बोलल्यास सोडली असं धरतात. नागपूरच्या मे महिन्यात खोलीत कूलर घरघरत असतो, तेव्हा नुसतं पुटपुटणं ऐकू जात नाही. हाताचा पंजा दाखवून थांबवा. स्टॅकवरची कार्डं टेबलाच्या मधोमध तिरपी, एकावर एक ठेवा आणि वर एक डाय (फासा) ठेवा, नाहीतर हवेने क्रमच उडतो. फॉइल (चकचकीत) कार्डं कूलरच्या ओलाव्याने वाकतात, पाठीकडूनही ओळखू येतात. ती त्या झोतात ठेवू नका.

कमांडर या खेळप्रकारात चौघे असतात, तेव्हा तुम्ही कोणत्या जागी बसलात याला किंमत आहे. प्रायॉरिटी टर्नच्या क्रमाने फिरते, म्हणून शेवटी बसलेल्याला आधीच्या दोघांनी काय केलं ते दिसतं. पण तुम्ही आधी असाल आणि नंतरचे अडवतील या भरवशावर सोडलीत, आणि त्यांच्याकडे काहीच नसेल, तर स्पेल रिझॉल्व्ह होतो. तुम्हाला दुसरी संधी नाही. नंतरच्यांपैकी कोणी काही टाकलं तरच प्रायॉरिटी पुन्हा येते. कमांडरच (या प्रकारातलं प्रत्येकाचं मुख्य कार्ड) अडवला तर तो ग्रेव्हयार्डात जातो आणि मालक त्याला पुन्हा कमांड झोनमध्ये (त्याच्या राखीव जागेत) ठेवू शकतो. वाटतं की काउंटर फुकट गेला. पण तिथून टाकल्याच्या प्रत्येक वेळेमागे दोन मॅना वाढतात, अडवलेली वेळही मोजली जाते. चार मॅनाचा कमांडर दोनदा अडवला तर तिसऱ्यांदा आठला पडतो, आणि त्या टर्नमध्ये त्याला राखायला समोरच्याकडे सहसा लँड उरत नाहीत.