लिनक्सवर वायरलेस हेडफोन : दुकानात परत नेण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात अमळनेरात कूलर लावल्याशिवाय बसवत नाही, आणि कूलर लावला की लॅपटॉपचा स्पीकर ऐकू येत नाही. म्हणून भाच्याने ब्लूटूथ हेडफोन घेतले. जुन्या लॅपटॉपवर मीच टाकून दिलेलं लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली. दुसऱ्याच दिवशी फोन आला, "मामा, हाई काय शे? गाणी झकास वाजतात, पण क्लास सुरू झाला की सर पत्र्याच्या डब्यात बसून शिकवतात!"

हेडफोन चांगलेच होते. नुसतं ऐकायचं असतं तेव्हा ब्लूटूथ ए-टू-डीपी प्रोफाइल (आवाज पाठवायची एक ठरलेली पद्धत) वापरतं, म्हणजे स्टिरिओ, भरदार आवाज. हेडफोनचा माइक सुरू झाला की तेच कनेक्शन हेडसेट प्रोफाइलवर जातं. मग आवाज मोनो, आणि सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने, सीव्हीएसडी या कोडेकवर (आवाज आवळून पाठवायच्या रीतीवर) 8 किलोहर्ट्झ, एमएसबीसी या दुसऱ्या कोडेकवर 16. सीडीचं असतं 44.1. लोक इथे लिनक्सला शिव्या घालतात, पण हे दुखणं विंडोजवरही आहे.

उपाय सोपा. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट हेडफोन ठेवा, इनपुट मात्र लॅपटॉपचा माइक. क्लासच्या ॲपमध्येही तोच माइक निवडा. तरी डबा वाजलाच, तर पावूकंट्रोल (pavucontrol) हे आवाजाच्या सेटिंगचं ॲप उघडून कॉन्फिगरेशन टॅबमध्ये ए-टू-डीपी निवडा. आता त्या माइकमध्ये कूलर घुसतो, हे खरं. भाचा म्यूटवर बसतो आणि उत्तर द्यायची पाळी आली की कूलर बंद करतो.

हेडफोन यादीत दिसतच नाहीत? बहुतेक वेळा ते आधीच मोबाइलला चिकटलेले असतात. मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा आणि दिवा लुकलुकेपर्यंत पेअरिंगचं बटण दाबून धरा. नुसते चालू करून भागत नाही.

लिनक्सवर आवाज सांभाळणारी जुनी यंत्रणा म्हणजे पल्सऑडिओ. नेटवरून तिचे जुने कमांड उचलून टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) ओतू नका. उबुंटू (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) 22.10 पासून आणि मिंट 22 पासून आवाजाचा कारभार पाइपवायर या नव्या यंत्रणेकडे आहे.

एकाच लॅपटॉपवर विंडोजही असेल, तर वेगळीच गंमत. लॅपटॉपचा ब्लूटूथ पत्ता दोन्हीकडे एकच, त्यामुळे विंडोजात पेअर केलं की हेडफोन नवी किल्ली (पेअरिंगचा गुप्त संकेत) धरतात आणि लिनक्सकडची जुनी निकामी होते. मग लिनक्सच्या यादीतून ते काढा, पुन्हा पेअर करा. त्यावर विंडोज रुसतं. भाच्याने विंडोजसाठी सरळ जुना वायरवाला हेडफोन काढून ठेवला आहे.