स्पार्कलची चाचणी टर्मिनलवरून: ‘अपडेट नाही’ हे उत्तर लगेच मान्य करू नका

मॅकओएसच्या अ‍ॅपमध्ये स्पार्कल (अ‍ॅपला अपडेट पोचवणारं फ्रेमवर्क) बसवलंय, अपडेटवर सही करायच्या किल्ल्या बनवल्यात, अ‍ॅपकास्ट (उपलब्ध आवृत्त्यांची यादी देणारं फीड) तयार आहे, इतकं धरून चालू. आता अपडेट खरंच पोचतं का, हे ‘स्पार्कल-सीएलआय’ या टर्मिनलवरच्या साधनाने बघायचं. ‘प्रोब’ पर्याय दिला की ते नुसतं पाहून येतं, काही बसवत नाही. नवं अपडेट सापडलं तर एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) 0.

0 आला नाही की नवखे लोक आधी सर्व्हर तपासायला धावतात. थांबा. आधी बिल्ड नंबर बघा.

जुनी आवृत्ती हवी म्हणून बरेच जण इन्फो-पीलिस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती असलेल्या फाइलमध्ये) ‘सीएफबंडलशॉर्टव्हर्जनस्ट्रिंग’ 2.0 चं 1.0 करतात. तो आकडा फक्त माणसांना दाखवायचा. स्पार्कल तुलना करतं ती ‘सीएफबंडलव्हर्जन’ची, म्हणजे बिल्ड नंबरची. अ‍ॅपकास्टमधल्या ‘स्पार्कल:व्हर्जन’मध्ये 45 आहे आणि हातातल्या अ‍ॅपचा बिल्ड नंबरही 45 आहे, तर वर 1.0 लिहा की 0.1, अपडेट मिळणार नाही. रिलीजच्या दिवशी हेच उलट बाजूने बसतं: शॉर्ट व्हर्जन वाढवलं, बिल्ड नंबर तसाच राहिला, आणि एकाही वापरकर्त्याला नवी आवृत्ती दिसत नाही. कुठे एरर नाही, लॉगमध्ये तक्रार नाही. म्हणून चाचणीआधी दोन्ही आकडे वाचा आणि ‘प्लूटिल’च्या ‘रिप्लेस’ने बिल्ड नंबर 44 करा.

पीलिस्टला हात लावला की कोडसाइन, म्हणजे अ‍ॅपवरची डिजिटल सही, मोडते. त्याच सर्टिफिकेटने फक्त बाहेरचं बंडल पुन्हा साइन करा आणि ‘प्रिझर्व्ह-मेटाडेटा’ने एंटायटलमेंट्स (अ‍ॅपला दिलेल्या परवानग्या) राखा. जुने जाणते सहकारी ‘डीप’ (आतलं सगळंही साइन करणारा पर्याय) वापर म्हणतील. ऐकू नका. त्याने आतल्या एक्सपीसी सर्व्हिसेसच्या (वेगळ्या चालणाऱ्या मदतनीस प्रोग्रॅमच्या) सह्याही बदलतात आणि पुढची प्रत्येक अडचण फसवी होते.

एवढं जमलं तर अवघड भाग मागे पडला, घाबरू नका.

प्रत्यक्ष बसवून बघायला ‘चेक-इमिजिएटली’ द्या. हा पर्याय नसेल तर तपासणी वेळापत्रकानुसार होते, आणि मूळ अंतर एक दिवसाचं, म्हणजे 86400 सेकंदांचं असतं. वेळापत्रकच तपासायचं असेल तर ‘डिफॉल्ट्स डिलीट’ने ‘एसयूलास्टचेकटाइम’ (शेवटच्या तपासणीची नोंदलेली वेळ) पुसा. ही नोंद असलेली सेटिंग्जची पीलिस्ट फाइल हाताने उडवू नका, सिस्टिम जुनी किंमत कॅशमधून देत राहते. अ‍ॅप चालू असेल तर हे साधन ते बंद करून अपडेट बसवतं आणि पुन्हा उघडतं. आतलं काम आधी सेव्ह करा.

चाचणीचं फीड वेगळं ठेवा, त्याचा पत्ता ‘फीड-यूआरएल’ने देता येतो. झिप ‘डिटो’ने ‘कीपपेरेंट’ देऊन बनवा. साधं ‘झिप’ सिमलिंकच्या (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याच्या) जागी खऱ्या फाइल टाकतं आणि फ्रेमवर्कची सही बिघडते. ‘जनरेट-अ‍ॅपकास्ट’ चालवल्यावर झिप पुन्हा बनवलीत तर अ‍ॅपकास्टमधली ईडीडीएसए सही (त्या किल्लीने झिपवर केलेली) जुळणार नाही, अ‍ॅपकास्टही पुन्हा बनवावं लागेल.

हे सगळं स्क्रिप्टमध्ये घालताना ‘व्हर्बोज’चं सविस्तर आउटपुट पाइपने ‘टी’कडे (आउटपुट दाखवून फाइलमध्येही लिहिणाऱ्या कमांडकडे) पाठवलंत, तर हाती येणारा एक्झिट कोड ‘टी’चा असतो, म्हणजे जवळपास नेहमीच 0. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘पाइपफेल’ चालू करा, म्हणजे पाइपमधल्या कुठल्याही कमांडचं अपयश लपणार नाही. आणि अपडेट बसल्यावर बंडलमधला बिल्ड नंबर पुन्हा वाचा: तिथे 45 दिसला, तरच चाचणी पास.