कोटरला जाताय? मग आधी डोंगराची सावली समजून घ्या

माँटेनेग्रोमधलं कोटर बघायला एक दिवस पुरतो असं खूप जण सांगतात, शेजारच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकहून सकाळी निघायचं, दुपारी फिरायचं आणि संध्याकाळी परत. मी आईला घेऊन मे महिन्यात गेले होते, तीन रात्री राहिलो, आणि आता कुणी विचारलं की मी हेच सांगते, निदान दोन रात्री तरी राहाच. कारण या गावाचा सगळा दिनक्रम मागच्या डोंगराच्या सावलीवर चालतो. गाव एका बाजूने समुद्राच्या आखाताला टेकलेलं आणि दुसऱ्या बाजूला घरांच्या पाठीलाच सरळ कडा, मध्ये जागाच नाही. सूर्य त्या कड्यामागून उगवतो त्यामुळे सकाळी बराच वेळ अख्खं जुनं शहर सावलीत असतं आणि दुपारनंतर तोच कडा तव्यासारखा तापतो. नेमकं त्याच तापलेल्या वेळेत दिवसभरासाठी आलेले सगळे कड्यावरचा किल्ला चढत असतात.

आधी व्हिसाचं बोलूया कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं बोंबलतं. माँटेनेग्रो युरोपियन युनियनमध्ये नाही आणि शेंगेनमध्येही (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) नाही, पण चलन मात्र युरोच आहे. भारतीय पासपोर्टवर वैध शेंगेन, यूके किंवा अमेरिकेचा व्हिसा असेल तर ३० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही, तरी तिकिटं काढायच्या आधी नियम ताजे बघून घ्या. आणि खरी मेख पुढे आहे, क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, म्हणजे तुम्ही दुब्रोव्हनिकहून कोटरला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, परत यायचं असेल तर मल्टिपल एंट्रीच हवी, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा व्हिसा. सिंगल एंट्री असेल तर कोटर ट्रिपच्या शेवटी ठेवा आणि तिथूनच घरी निघा, तिवातचा विमानतळ बोगद्यातून गेलं की अगदी जवळ, टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं. जुलै-ऑगस्टमध्ये बॉर्डरवर गाड्यांची रांग लागते, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

अजून एक, तिथे पोचल्यावर २४ तासांत परदेशी पाहुण्याची नोंदणी व्हावी लागते. हॉटेलवाले करतात, अपार्टमेंट घेतलं असेल तर मालकिणीला पहिल्याच दिवशी विचारा आणि पावती मागून घ्या.

कधी जायचं तर मे, जूनची सुरुवात किंवा सप्टेंबर. हिवाळ्यात तिथे प्रचंड पाऊस पडतो. आखाताच्या वरच्या डोंगरातलं त्स्रक्वित्से हे गाव युरोपातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी एक, वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या वर सरासरी. कारण आपल्याला ओळखीचंच आहे, समुद्रावरून ओला वारा येतो आणि एकदम उंच डोंगराला धडकतो, आंबोलीला जे होतं तेच, फक्त तिकडे ते नोव्हेंबर-डिसेंबरला होतं. डोंगर चुनखडीचा असल्यामुळे ते पाणी आत मुरतं आणि खाली गावाच्या तटाला लागूनच बाहेर येतं, उत्तरेला श्कुर्दा नदी, दक्षिणेला गुर्दिच. उत्तरेच्या दरवाज्यातल्या पुलावर उभं राहून खाली बघा, पाणी हिरवंगार आणि इतकं नितळ की तळाचे गोटे मोजता येतात. याच झऱ्यांमुळे इथला समुद्र बाहेरच्या किनाऱ्यापेक्षा गार लागतो, पोहायचं असेल तर हे लक्षात ठेवा. वाळूचा बीच शोधू नका, खडे आणि काँक्रीटचे ओटे आहेत, रबरी चप्पल न्या.

राहायला जुन्या शहराच्या आत छान वाटतं पण उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत गाणी चालू असतात आणि दगडी बोळांत आवाज घुमतो. म्हातारी माणसं बरोबर असतील तर दोब्रोताला राहा, तटाच्या उत्तरेला पाण्याकाठाने लांबच लांब पसरलेली वस्ती आहे, चालत गावात जाता येतं आणि संध्याकाळचं ऊनही जास्त वेळ टिकतं. समोरच्या काठावरचं मुओ स्वस्त पडू शकतं, पण त्याच्या पाठीशीच व्र्मात्सचा डोंगर, त्यामुळे तिकडे सूर्य लवकर जातो.

आता किल्ला. सगळं या एका चढणीसाठीच आहे असं म्हटलं तरी चालेल. तट गावाभोवती फिरून तसाच कड्यावर चढत जातो, एकूण साडेचार किलोमीटर, आणि वर संत जॉनचा किल्ला. साधारण १३५० पायऱ्या. तिकीट १५ युरो, महाग आहे, पण काढा. पायऱ्या झिजलेल्या आणि गुळगुळीत, बऱ्याच ठिकाणी मधे पायऱ्या आणि कडेला खडीचा उतार असतो, उतरताना गुडघ्याला त्रास असेल तर त्या कडेच्या उतारावरून हळूहळू या. चांगले ग्रिपवाले बूट घाला आणि माणशी लिटरभर पाणी खालूनच भरून न्या.

मे-जूनमध्ये साडेसहा-सातला चढायला लागा. आम्ही तसंच केलं. आईचे गुडघे दुखतात म्हणून ठरवलं होतं की अर्ध्या वाटेवरच्या गोस्पा ओद झ्द्राव्ल्या या चॅपलपर्यंतच जायचं, सोळाव्या शतकातलं, नावाचा अर्थ आरोग्याची माउली. तिथल्या कठड्यावर आई बसली. खाली लाल कौलांचं गाव अजून पूर्ण सावलीत होतं आणि समोर आखातापलीकडच्या डोंगराच्या माथ्यावर ऊन पडलेलं. मग ती उन्हाची रेघ हळूहळू खाली सरकायला लागली, आधी झाडं, मग मुओमधली वरची घरं, मग चर्चचा मनोरा, मग पाणी. आई म्हणाली, 'अगं, कुणीतरी पदर ओढून घेतंय बघ.' मी वर किल्ल्यापर्यंत जाऊन आले तोपर्यंत ती तिथेच बसून होती, मांजर शेजारी. साडेआठच्या पुढे आमच्या पायऱ्यांवर ऊन आलं तेव्हा आम्ही उतरत होतो आणि खालून घामाघूम लोक चढत होते. म्हणून म्हणते, रात्री तिथे राहिल्याशिवाय ही वेळ मिळत नाही.

दहा ते चार मोठमोठी क्रूझ जहाजं लागलेली असतात. कुठल्या दिवशी किती जहाजं येणार याचं वेळापत्रक बंदराच्या साइटवर आधीच असतं, हॉटेल बुक करायच्या आधी ते बघा. जहाजं आहेत त्या दिवशी सकाळीच गावाबाहेर पडा आणि ती गेली की मग बोळांतून फिरा. समुद्राकडचा दरवाजा १५५५ चा, आत शिरल्यावर १६०२ चा घड्याळाचा मनोरा. व्हेनिसचं राज्य १४२० पासून १७९७ पर्यंत होतं, म्हणून खिडक्या-सज्जे सगळे इटलीच्या वळणाचे. चौकांची नावं मला फार आवडली, पिठाचा चौक, भाजीच्या पानांचा चौक, जिथे जे विकायचे ते नाव. संत त्रिफुनचं कॅथेड्रल ११६६ चं. त्याहून मला संत लुकाचं छोटं चर्च जवळचं वाटलं, ११९५ चं, त्यात कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स अशा दोन्ही वेद्या आहेत, एकाच छपराखाली दोघांची प्रार्थना चालायची. हे सगळं १५ एप्रिल १९७९ च्या भूकंपात खूप पडलं होतं, त्याच वर्षी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं, धोक्यात असलेल्यांच्या यादीतही, आणि त्या दुसऱ्या यादीतून २००३ ला बाहेर पडलं. भिंतींचे दगड नीट बघितले तर कुठे जुना संपतो आणि कुठे नवा लावलाय ते कळतं.

जहाजांच्या दिवशी आखाताच्याच काठावरच्या पेरास्त गावाला जा, बस आहे. तिथून छोट्या बोटीने गोस्पा ओद श्क्र्प्येला या बेटावर नेतात. हे बेट माणसांनी दगड आणि दगड भरलेल्या जुन्या बोटी बुडवून केलंय, आणि अजूनही दर २२ जुलैला संध्याकाळी गावकरी बोटींची रांग करून दगड टाकायला जातात. आतल्या म्युझियममध्ये यात्सिंता कुनिच नावाच्या बाईचं भरतकाम आहे, नवऱ्याची वाट बघत २५ वर्षं केलेलं, त्यात तिने स्वतःचे केस वापरलेत. देवदूतांच्या डोक्याचे केस जवळ जाऊन बघा, काही तपकिरी, काही पांढरे. घाई करणाऱ्या ग्रुपबरोबर आत जाऊ नका, पाच मिनिटं थांबा, तो ग्रुप जाऊ दे.

शाकाहारी लोकांची काळजी असते, तर उपाशी राहत नाही कुणी. बेकरीला पेकारा म्हणतात, तिथे सकाळी गरम बुरेक मिळतो, सिर म्हणजे चीजचा आणि झेल्ये म्हणजे पालेभाजीचा, नुसतं बुरेक म्हटलं तर बहुतेक मांसाचा देतील. हॉटेलात बेझ मेसा म्हणजे बिनमांसाचं. पोस्नो हा शब्द त्यांच्या उपासाच्या पदार्थांना वापरतात, त्यात दूध-अंडं नसतं पण मासा चालतो, म्हणून पोस्नो ऐकून निश्चिंत होऊ नका. ब्लित्वा, म्हणजे बटाटा आणि पालेभाजी ऑलिव्ह तेलात लसूण घालून, आईला इतकी आवडली की तीन दिवस तेच. पासुल्य ही राजम्यासारखी उसळ असते पण त्यात बऱ्याचदा धुरी दिलेलं मांस घालतात, विचारून घ्या. तटाबाहेर सकाळी बाजार भरतो, तिथे सुके अंजीर आणि न्येगुशी गावचं चीज घ्या. सासवडचे अंजीर खाल्लेल्या माणसाला हे लहान आणि चिवट वाटतील, पण चव दाट असते.

तिसरा दिवस असेल तर लोव्चेनच्या डोंगरावर जा. पंचवीसेक वळणांचा जुना घाट आहे, एकेरी गाडीपुरता रस्ता, घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर स्वतः चालवू नका. २०२३ पासून रोपवे झालाय, दुब गावाजवळून साधारण अकरा मिनिटांत १३०० मीटरच्या वर पोचवतो. वर जॅकेट लागतंच, खाली कितीही उकडत असलं तरी.

परतीसाठी बस स्टँड जुन्या शहरापासून दक्षिणेला पाच-सात मिनिटांवर. तिकीट वेगळं आणि बॅग बसच्या पोटात ठेवायचे एक-दोन युरो वेगळे, ते ड्रायव्हरला रोख द्यायचे असतात, सुटी नाणी आदल्या रात्रीच खिशात ठेवा.