पाळीची तारीख कालनिर्णयवर लिहा

लग्नानंतर दोन वर्षं नारायण पेठेतल्या घरी मी "होईल गं हळूहळू" ऐकत राहिले. नियमित संबंध असूनही वर्षभरात दिवस गेले नाहीत, तर तपासणी करायची. वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. हे मला कुणी सांगितलंच नाही, म्हणून लिहितेय.

सुरुवात स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयपासून करा. पाळी आली त्या तारखेला गोल करायचा आणि बाजूला लिहायचं, किती दिवस गेलं, किती दुखलं. एका गोलापासून पुढच्या गोलापर्यंत साधारण 21 ते 35 दिवस असावेत. माझे कधी 45, कधी 60, एकदा तर 90! म्हणजे बीजांड दर महिन्याला सुटतच नव्हतं. हनुवटीवरचे राठ केस मी पार्लरमध्ये जाऊन काढत होते, मानेचा काळेपणा घासत होते, वजन वाढलं म्हणून भात सोडला होता. या सगळ्याच्या मुळाशी पीसीओएस होतं, म्हणजे बीजांडकोश आणि हार्मोन्सचा बिघाड. थायरॉइड बिघडला किंवा प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढलं तरी पाळी अशीच लांबते. बाळ नसताना स्तनांतून दूध येत असेल, तर लाजू नका, सांगा.

माझ्या जावेची पाळी मात्र अगदी तारखेला यायची. पण पहिले दोन दिवस तिला वर्गात उभं राहून शिकवता यायचं नाही, संबंधाच्या वेळीही दुखायचं. "बायकांना दुखतंच" असं म्हणून आम्ही तिला गप्प केलं. मीसुद्धा. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तिला एंडोमेट्रिओसिस निघालं: गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, बीजांडकोशावर वाढला होता.

बीजांड गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळ्या बंद असल्या तर बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. आपल्याकडे त्यामागे टीबी असू शकतो, तोही खोकल्याशिवाय. पूर्वी कधी टीबी, ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, पाळी अगदीच कमी जायला लागली असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हार्मोन्ससाठी रक्त देतात, सोनोग्राफी होते, नळ्यांसाठी पाळी थांबल्यावर एचएसजी, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून काढलेला एक्स-रे. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी तपासण्या सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात करून घ्या. त्याआधी 2 ते 7 दिवस वीर्यपात झालेला नसावा. मी आठ महिने गोळ्या घेतल्यावर आमच्याकडे ती झाली, आणि दोष दोघांतही निघाला.

डॉक्टरांकडे जाताना कालनिर्णयची पानं सोबत न्या. मी अकरा पानं टेबलावर ठेवली, तेव्हा नव्या डॉक्टरबाईंनी एकही प्रश्न न विचारता आधी ती सगळी वाचून काढली.